बाभळीचं काळं घर, शिवणीचं पांढरं

माझे सासरे दौंडला रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. गाडी सिग्नलला अडकली की तासन्‌तास करण्यासारखं काही नसायचं, म्हणून ते बुद्धिबळ शिकले. एकट्यानंच, दोन्ही बाजूंनी खेळत. निवृत्तीनंतर केडगावच्या घरी राहायला आल्यावर त्यांना जोडीदार मिळाला, खुटबावचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. खुटबाव आमच्या शेजारचंच स्टेशन. दर गुरुवारी आणि रविवारी गुरुजी दुपारच्या गाडीनं यायचे, तीन डाव खेळायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हे बघत होते. मी चहा ठेवायला गेले तरी दोघांपैकी एकही मान वर करायचा नाही.

मग आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, साखर वाढत गेली. आधी पायाच्या बोटांची जाणीव गेली, मग हाताच्या. पाठोपाठ डोळ्यांचा पडदा खराब झाला. पुण्याला नेऊन लेझर केलं, इंजेक्शनं झाली. तरी दोन वर्षांत उजवा डोळा पूर्ण गेला आणि डाव्याला फक्त खिडकी कुठं आहे एवढं कळायचं उरलं. आप्पा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. दाढी स्वतः करायचे. पलंगापासून बाथरूमपर्यंतची पावलं त्यांनी मोजून ठेवली होती, आणि कुणी हात धरायला गेलं की हात सोडवून घ्यायचे.

गुरुजी येतच राहिले. आता दोन्ही बाजूंच्या सोंगट्या तेच हलवायचे. आप्पा खुर्चीत ताठ बसून सांगायचे, ‘‘वजिराकडचा घोडा दोन घरं पुढं, उंटाच्या रांगेत.’’ गुरुजी घोडा ठेवायचे आणि आपली चाल मोठ्यानं सांगायचे. पूर्ण डाव आप्पांच्या डोक्यात. पटाला हात लावून बघायचा त्यांनी सुरुवातीला एकदा प्रयत्न केला होता, पण बधिर बोटांना सोंगटी लागलेली कळायचीच नाही. तीन-चार सोंगट्या आडव्या झाल्या, त्या कुठं होत्या यावरून वाद झाला. त्यानंतर त्यांनी पटावर हात नेला नाही.

एका रविवारी मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. दुसरा डाव चालू होता. आप्पा मध्येच म्हणाले, ‘‘आज बास. डोकं दुखतंय.’’ गुरुजी गेले. आप्पांनी पट आवरायला सासूबाईंना हाक मारली. त्या आल्यावर म्हणाले, ‘‘त्यांची चाल ढिली वाटली, म्हणून बघायला मी मुद्दाम वजीर त्यांच्या घोड्याच्या तोंडी दिला. त्यांनी मारला नाही. कडेचं प्यादं सरकवलं.’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्यांच्या लक्षात आलं नसंल.’’

‘‘गुरुजींच्या? वजीर?’’ आप्पा म्हणाले. ‘‘का घोडा माझ्याच डोक्यात चुकीच्या घरात होता? तेसुद्धा मला सांगता येत नाही. विचारू कुणाला?’’

गुरुवारी गुरुजी आले तेव्हा आप्पा झोपून होते. रविवारीही झोपूनच होते. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनीच दारात सांगितलं की त्यांना बरं नसतं हल्ली.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेले भाग व्हर्नियरनं मोजायचे, मापात बसले तर पुढं, नाही तर बाजूला, हे माझं रोजचं काम. घरातही माझा स्वभाव तसाच आहे. एखादी गोष्ट बिनसली की नेमकं कुठं बिनसलं ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढच्या रविवारी मी संध्याकाळच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर गेले. गुरुजी आमच्या दारावरून परत येऊन बाकावर बसले होते. मी सरळ विचारलं, ‘‘गुरुजी, त्या दिवशी तुम्ही वजीर सोडला का?’’

त्यांनी सरकून मला बाकावर जागा केली. मग म्हणाले, ‘‘सोडला. सलग पाच डाव ते हरले होते. वाटलं, हे खेळणं बंद करतील.’’ गाडी येताना दिसली तसे उठत म्हणाले, ‘‘आता बंदच झालं.’’

मी घरी येऊन आप्पांना तसंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. राग आला असेल तरी दाखवला नाही. एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे घोडा बरोबर घरात होता.’’ मग म्हणाले, ‘‘पट माझ्या हाताखाली नाही, तोपर्यंत हे असंच होणार. ते सोडणार आणि मी ओळखत बसणार.’’

माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर शोधून अंधांसाठीचा एक प्लास्टिकचा पट मागवला. काळी घरं जराशी वर उचललेली, प्रत्येक घरात भोक, सोंगट्यांच्या बुडाला खुंट्या, म्हणजे हात लागला तरी पडायच्या नाहीत. कल्पना चांगली होती. पण पट वीतभर, घरं नखाएवढी. आप्पांनी दोन दिवस मन लावून प्रयत्न केला. वर उचललेलं घर कोणतं आणि खालचं कोणतं, हे त्यांच्या बोटांना लागतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो पट त्यांनी पिशवीत भरून माझ्याकडं दिला. ‘‘ज्याची बोटं चांगली आहेत त्याला दे,’’ म्हणाले.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर. माझे वडील तिथले सुतार. त्यांना आम्ही आबा म्हणतो. बैलगाड्या, कुळव-पाभरीसारखी शेतीची अवजारं, दाराच्या चौकटी हे त्यांचं काम. आता ट्रॅक्टरमुळं गाड्या उरल्या नाहीत आणि चौकटी ॲल्युमिनियमच्या झाल्या, त्यामुळं आबा कधी कुणाचा पाट, कधी फावड्याचा दांडा असं काहीबाही करत असतात. बुद्धिबळ त्यांनी आयुष्यात खेळलं नव्हतं. मी तो प्लास्टिकचा पट घेऊन केंदूरला गेले आणि म्हणाले, ‘‘आबा, असा लाकडाचा मोठा करायचाय. कुठलं लाकूड घ्यायचं?’’

आबांनी पट उलटासुलटा करून बघितला. ‘‘ह्येच्यावर करतात काय?’’

मी सांगितलं.

‘‘आपटतात का?’’

‘‘नाही. भोकात खुंटी बसवायची, काढायची.’’

‘‘दिसात किती बार?’’

मी हिशोब केला. एका डावात चाळीस-पन्नास चाली, प्रत्येक चालीला एकदा काढणं आणि एकदा बसवणं. आबांनी मान हलवली. ‘‘म्हंजी भोक ढिलं व्हता कामा न्हाई आन् पावसाळ्यात आवळता बी कामा न्हाई. आन् पाव्हण्यांच्या बोटाला कळत न्हाई म्हंतीस, ते नक्की काय काय कळत न्हाई?’’

 इतकी वर्षं एका घरात राहून मी आप्पांना हे कधी विचारलंच नव्हतं.

‘‘ते इचार आधी,’’ आबा म्हणाले. ‘‘लाकडाचं मागनं बघू.’’

केडगावला परत आल्यावर मी विचारलं. सून सासऱ्याला असं काही विचारत नाही आमच्याकडं, पण आप्पांनी उलट नीट सांगितलं. चहाचा कप गरम आहे का गार, कळत नाही. दवाखान्यात टाचणी टोचतात, ती कळत नाही. पॉलिश पेपर असो का काच, सारखंच. ‘‘पण नखानं ठोकलं तर कळतं,’’ ते म्हणाले आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर तर्जनीचं नख आपटून दाखवलं. ‘‘धक्का मागच्या सांध्यापर्यंत जातो. शिवाय आवाज येतो. कान माझे ठणठणीत आहेत.’’

हे मी फोनवर आबांना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग आबा म्हणाले, ‘‘मंग बोटासाठी लाकूड निवडायचंच न्हाई. कानासाठी निवडायचं. मीच येतो.’’

पुढच्या रविवारी आबा शिक्रापूर, न्हावरा, चौफुला अशा गाड्या बदलत केडगावला आले. खांद्यावर खताची रिकामी गोणी, तिच्यात लाकडाचे सात तुकडे, सगळे एकाच मापाचे. तळहाताएवढे आणि इंचभर जाड. सागवान, लिंब, आंबा, चिंच, जांभूळ, बाभूळ असे सहा त्यांच्या शेडमधले आणि सातवं पाईन. पाईन माझ्या नवऱ्यानं दिलं होतं. कारखान्यात बाहेरून यंत्रं येतात त्यांची खोकी पाईनची असतात, ती भंगारवाल्याकडं जातात, आणि आमच्या भागात आता निम्मी कपाटं आणि बाकं त्यातूनच होतात.

आबा आणि आप्पा, एकमेकांचे व्याही, लग्नानंतर फक्त कार्यक्रमांत भेटलेले. ‘‘काय पाव्हणं, पाऊसपाणी?’’ आणि ‘‘ठीक आहे’’ याच्या पुढं त्यांचं कधी गेलं नव्हतं. त्या दुपारी दोघं ओसरीवर समोरासमोर बसले, मध्ये सतरंजीवर ते सात तुकडे. आप्पा एकेक तुकडा डाव्या हातात घ्यायचे, नखानं ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि खाली ठेवायचे.

‘‘हा कुठला?’’

‘‘सागवान.’’

‘‘आणि हा?’’

‘‘लिंब.’’

‘‘दोन्ही सारखेच लागतात. चालणार नाहीत.’’

सागवान बाद होईल असं मला वाटलं नव्हतं. चांगलं लाकूड म्हणजे सागवान, हेच मी लहानपणापासून ऐकलेलं. आबा मात्र लगेच तो तुकडा गोणीत टाकून मोकळे झाले. आंबाही गेला, चिंच गेली. जांभूळ आप्पांनी दोनदा घेतलं आणि परत ठेवलं. बाभळीवर नख पडलं तेव्हा मलासुद्धा लांबून फरक कळला. ‘टक’. एकदम कोरडा, कडक आवाज.

‘‘हे वेगळं आहे,’’ आप्पा म्हणाले.

‘‘बाभूळ हाय. सहा म्हयने हिरीच्या पाण्यात बुडवून ठेवलेली, मंग सावलीत वाळवलेली. किडा लागत न्हाई तिला. गाडीच्या चाकासाठी राखली व्हती, पर चाकं कोण करतंय आता.’’

‘‘चाकांचंही असं ठोकून बघत होता का?’’

‘‘व्हय की. आऱ्या ठोकायच्या एकएक. बद्द वाजली की काढून टाकायची.’’

आप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. ‘‘दौंडला गाडी थांबली की एक माणूस हातोडी घेऊन सगळ्या डब्यांची चाकं ठोकत जायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा गेलेलं बद्द. मी गार्डच्या डब्यात बसून ऐकायचो आणि त्याच्या आधी सांगायचो.’’

त्यानंतर त्या दोघांना माझी गरज उरली नाही. चहा दिला तो गार होऊन गेला. काळ्या घरांना बाभूळ ठरली. पांढऱ्यांना आप्पांनी पाईन निवडलं, कारण बाभळीच्या शेजारी ते ठोकलं की ‘ठप’ असा मऊ आवाज यायचा आणि दोहोंत गफलत होणं शक्य नव्हतं. आबांना पाईन पसंत नव्हतं. ‘‘खोक्याचं लाकूड हाय ते,’’ म्हणाले. पण ऐकणारे कान आप्पांचे होते, म्हणून त्यांनी वाद घातला नाही.

पुढचे दोन महिने माझी प्रत्येक सुट्टी केंदूरला गेली. आबांचा हात आता थोडा कापतो. करवत आणि रंधा ते चालवायचे, मापं आणि भोकं माझ्याकडं. लहानपणी आम्हा बहिणींना त्या शेडमध्ये भुसा गोळा करण्यापुरताच प्रवेश होता. पटाशीला हात लावला की आबा ओरडायचे. आता त्यांनी ड्रिल माझ्या हातात दिलं ते जसं कारागिराला देतात तसं. आमचं भांडण फक्त मापांवरून व्हायचं. ते सुतात बोलायचे, मी मिलिमीटरमध्ये. काळी घरं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उंच ठेवायची ठरली. मी व्हर्नियर लावून सांगितलं की एकात तीन मिलिमीटर आहे आणि दुसऱ्यात साडेतीन. ते म्हणाले, ‘‘पाव्हण्यांच्या नखाला अर्धा कळला तर माझं नाव बदल.’’

पहिली सोळा घरं कापून झाली आणि पाईननं दगा दिला. गाठीजवळ भोक पाडलं की फळी रेषेत चिरायची. जी चिरली नव्हती त्यांच्यात मी खुंटी शंभर वेळा आत-बाहेर करून बघितली, कारखान्यात नमुना तपासतात तशी. साठाव्या-सत्तराव्या वेळी भोक ढिलं झालं, सोंगटी डुलायला लागली. मी आबांना दाखवलं. ‘मी म्हणालो होतो’ असं ते म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. विळीचा पाट बाजूला सारून बसले आणि विचार करून म्हणाले, ‘‘शिवण पायजे. हलकी बी हाय, आवाज बी मऊ, आन् एकदा वाळली की पावसाळ्यात फुगत न्हाई. पूर्वी इणकरांचं आन् वाजंत्र्यांचं सामान करायचे तिचं. पर आपल्याकडं कुठं गावायची ती.’’

आम्ही शिरूरच्या वखारीत गेलो. पुढं सगळं प्लायवूड आणि दाराच्या तयार चौकटी, जुनं लाकूड मागच्या बाजूला पत्र्याखाली. मालकानं सांगितलं, शिवण कुणी मागत नाही, असली तर तुम्हीच शोधा. तिथं काम करणारा उत्तरेकडचा एक माणूस आम्हाला फळ्या उपसून द्यायला आला. तासभर आबा फळ्यांच्या टोकांवर थुंकी लावलेला अंगठा फिरवत, वास घेत, एक टोक उचलून वजन बघत हिंडले. शेवटी भिंतीला टेकलेली एक धुळीनं काळी पडलेली फळी त्यांनी ओढली, चाकूनं खरवडली. आतून ताकासारखा पिवळसर पांढरा रंग.

‘‘ही.’’

‘‘ये हल्का माल है, चाचा,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘दरवाजे में नहीं चलेगा.’’

‘‘दरवाजा नहीं करना है,’’ आबा म्हणाले आणि नखानं फळीवर ठोकलं. मग मला म्हणाले, ‘‘फोन लाव पाव्हण्यांना.’’

मी आप्पांना फोन लावला. आबांनी खिशातून बाभळीचा तुकडा काढला, फोनजवळ धरून आधी त्याच्यावर ठोकलं, मग शिवणीच्या फळीवर. वखारीत मागं करवत चालू होती. मालकाला थोडा वेळ ती बंद करायला सांगावी लागली. त्यानं केली, आणि सगळे आमच्याकडं बघत उभे राहिले.

‘‘परत एकदा,’’ आप्पा फोनवर म्हणाले.

आबांनी परत ठोकलं.

‘‘घ्या ही.’’

फळी घेऊन आलो तरी काम सरळ झालं नाही. सुटे तुकडे वेगवेगळे वाजायचे, पण एकाच प्लायवूडच्या तळावर शेजारी शेजारी चिकटवले की आवाज जवळ यायला लागले. चार घरं चिकटवून बघितल्यावर ते लक्षात आलं. बरं झालं चौसष्ट लावून बसलो नव्हतो. आबांनी त्यावर तोड काढली ती अशी: बाभळीची घरं भरीव ठेवायची आणि शिवणीच्या घरांना खालून पोकळी कोरायची, वर फक्त खुंटी धरण्यापुरती जाडी. मग शिवणीवर नख पडलं की आतून डबीसारखा आवाज यायचा. बत्तीस तुकडे खालून कोरणं हे किती कंटाळवाणं काम आहे ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. आम्ही ते चार रविवारांत केलं. सगळ्या घरांच्या शिरा एकाच दिशेला ठेवल्या आणि चौकटीच्या आत पोस्टकार्डाइतकी फट सोडली, लाकूड हललं तर हलायला जागा असावी म्हणून. पॉलिश अजिबात नाही. आबांनी फक्त जवसाचं तेल फिरवलं.

शिवण एका घरापुरती कमी पडली. एकतीस तुकडे निघाले, बत्तिसावा गाठीत गेला. परत शिरूरला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. आबांनी आंब्याचा एक तुकडा तसाच कोरून त्या घरात बसवला. रंगात फारसा फरक नव्हता, मीही चालवून घेतलं.

सोंगट्या जुन्याच वापरल्या. प्रत्येकीच्या बुडाला भोक पाडून बांबूची खुंटी बसवली आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर पितळी खिळा मारला, म्हणजे नख लावलं की काळी कोणती ते कळावं.

पट तयार झाला तेव्हा चांगलाच जड झाला होता. नवरा मोटारसायकलवर पुढं, मी मागं पट मांडीवर आडवा धरून, असं आम्ही केंदूरहून केडगावला आणला. आप्पांसमोर टेबलावर ठेवला. त्यांनी आधी दोन्ही तळवे चौकटीवरून फिरवले, कोपरे मोजले. मग डाव्या हाताच्या कोपऱ्यापासून नखानं ठोकत निघाले. टक, ठप, टक, ठप. एक रांग संपली, दुसरी. आम्ही सगळे उभे होतो. पाचव्या की सहाव्या रांगेत ते थांबले. मागं आले, पुन्हा ठोकलं.

‘‘इथं काय आहे? हे त्यातलं नाही.’’

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. ‘‘आंबा आहे, आप्पा. शिवण कमी पडली.’’

‘‘बदलू का?’’ नवऱ्यानं विचारलं.

‘‘राहू दे. मला खूण झाली.’’

आणि खरोखरच पुढं ते त्या घरावरून हिशोब करायला लागले. कुठलीही चाल करायच्या आधी त्यांचं नख आधी आंब्यावर जातं आणि तिथून मोजत पुढं.

त्यांनी पंधरा दिवस एकट्यानं सराव केला. दोन्ही बाजूंनी, नोकरीत करायचे तसा. सकाळी स्वयंपाकघरात मला ती टकटक ऐकू यायची. पहिल्या दिवशी एक चाल करायला पाच मिनिटं लागायची, शेवटी शेवटी अर्ध्या मिनिटावर आलं. मग ते मला म्हणाले, ‘‘गुरुजींना फोन लाव. म्हणावं, रविवारी या. आणि म्हणावं, खेळायला या, भेटायला नाही.’’

गुरुजी आले. पट बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खुंटी भोकात बसवून बघितली. कौतुकाचं काही बोलणार होते बहुतेक, पण आप्पा म्हणाले, ‘‘पांढऱ्या तुमच्या.’’

तो डाव दीड तास चालला. गुरुजी चाल करून सांगायचे, आप्पा दोन्ही हातांनी पट तपासायचे, उजव्या हाताचं नख आधी घर वाजवायचं, मग सोंगटीचं डोकं. गुरुजींची चुळबूळ व्हायची, कारण त्यांना वाट बघायची सवय नव्हती. एकदा त्यांनी घाईत आपला उंट आप्पांचा हात तिथं असतानाच उचलला. आप्पा म्हणाले, ‘‘आधी सांगा, मग उचला.’’ ‘‘चुकलं,’’ गुरुजी म्हणाले. मध्यावर आप्पांच्या हातून मोठी चूक झाली. हत्ती उघडा पडला. मला बुद्धिबळ थोडंफार कळतं, मलाही दिसलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांनी हत्ती मारला आणि तसं मोठ्यानं सांगितलं.

आप्पांनी त्या घरावर नख नेलं, दोनदा वाजवलं. ‘‘मारला. बरोबर,’’ म्हणाले.

पुढं वीस चालींत ते हरले. मात झाल्यावरही त्यांनी राजाभोवतीची सगळी घरं तपासली, सुटायला कुठं जागा आहे का ते बघत. नव्हती. मग ते मागं टेकून बसले आणि सासूबाईंना चहा करायला सांगितला. गुरुजींनी त्या दिवशी उरलेले दोन्ही डावही जिंकले.

आप्पा पहिल्यांदा जिंकले ते पुढच्या महिन्यात. गुरुजींना ते बरंच लागलं, एक गुरुवार आलेच नाहीत. पायाला मुंग्या येतात म्हणून निरोप पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी आले आणि चप्पल काढता काढताच म्हणाले, ‘‘मांडा.’’

पावसाळ्यात मी रोज खुंट्या तपासायची. दोन-तीन बाभळीच्या भोकांत त्या जरा आवळल्या, शिवणीत एकही नाही. आबांना सांगितलं तर ते स्वतःच गोल कानस घेऊन आले. कानस फिरवायचं काम पंधरा मिनिटांचं, पण ते दोन दिवस राहिले. आप्पांनी त्यांना सोंगट्या शिकवायला घेतल्या. हत्ती सरळ चालतो हे आबांना पटलं. घोड्याची अडीच घरंही पटली. उंट तिरका का चालतो, ते मात्र त्यांना पटेना.

‘‘उंट कधी तिरका चालतो का? म्या बघितलेत, मेंढरांमागं घेऊन जातात ते. सरळच जातात.’’

‘‘इथं तिरकाच जातो, पाव्हणं.’’

‘‘कुणी ठरवलं पर?’’

 आबा काळ्या घरातला उंट उचलून हातात धरून बसले. सुताराच्या सवयीनं त्याची मान किती बारीक ठेवलीय, कातकाम कुठं चुकलंय ते बघत राहिले. आप्पा समोर बसून पटावर नख वाजवत होते. आबांची चाल होती, आणि त्यांना ती करायची काही घाई दिसत नव्हती.